‘मी’ला वेळ लागतो

न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन, अंगडं-टोपडं चढवून झालं की घरातली आजी काजळाच्या डबीत बोट बुडवते आणि बाळाच्या गालावर नाहीतर कपाळाच्या कडेला तीट लावते. दृष्ट लागू नये म्हणून. असं नटवलेलं सहा-आठ महिन्यांचं बाळ आरशासमोर धरलं तर समोरच्या बाळाकडे बघून ते खिदळतं, काचेवर थापा मारतं, कधी जीभ लावून काच चाटून बघतं. खेळायला कुणी सवंगडी आलाय, एवढंच त्याच्या लेखी. त्या सवंगड्याच्या गालावरचा काळा ठिपका आपल्याच गालावर आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी जवळपास हाच प्रकार शास्त्रीय शिस्तीत केला. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. ३ ते २४ महिन्यांची ८८ मुलं, नाकाच्या बाजूला हळूच लावलेला लाल रंग आणि समोर आरसा. मूल स्वतःचं नाक चाचपतं का, आरशातला तो आपणच हे त्याला उमगलंय का, हे बघायचं. वीस ते चोवीस महिन्यांच्या मुलांपैकी ६५ टक्क्यांना उमगलं होतं. पुस्तकांतून हाच आकडा पुढे येतो. मला मात्र त्या निबंधातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. चौदाव्या महिन्यापासून मुलं आरशासमोर बावरू लागली, मान खाली घालू लागली, किंवा उलट स्वतःवर खूश होऊन मिरवू लागली. विसाव्या महिन्यानंतर हे ७५ टक्के मुलांत दिसलं. म्हणजे स्वतःची ओळख पटायला लागते त्याच सुमाराला स्वतःची लाजही वाटायला लागते. आणि लाजायला कुणीतरी बघणारं लागतं. ‘मी’ जन्मतो तोच मुळी दुसऱ्याच्या नजरेपुढे.

जाता जाता एक सांगतो. हाच प्रयोग पुढे केनियातल्या ग्रामीण मुलांवर झाला तेव्हा चांगली मोठी मुलंसुद्धा डाग न पुसता नुसती उभी राहिली. त्यांना स्वतःची ओळख नव्हती असं अभ्यासकांनाही वाटलं नाही. मोठ्या माणसाने लावलेली गोष्ट पुसायची की नाही, हे न कळून ती थबकली असावीत. आपल्याकडे तर जन्मल्यापासून गालावर कुणी ना कुणी काहीतरी लावतच असतं. तेव्हा नातवाने तीट पुसली नाही म्हणून लगेच डॉक्टर गाठायची गरज नाही.

शरीराची जाण मात्र याच्या खूप आधीची. नवजात बाळाच्या गालाला बोट लागलं की ते दूध मिळेल या ओढीने तोंड वळवतं, हे प्रत्येक बाळंतिणीला माहीत असतं. फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस यांनी १९९७ साली दाखवलं, की दुसऱ्याचं बोट लागलं तर बाळ जितक्या वेळा वळतं, तितकं ते स्वतःचाच हात गालाला लागला तर वळत नाही. ही बाळं एका दिवसाचीसुद्धा नव्हती. आपला हात आणि परका हात यातला फरक मूल जवळजवळ बरोबर घेऊनच येतं. पण हा झाला देहाचा ‘मी’. मी कोण, कुणाचा, कसा, हे त्याला बाहेरूनच मिळतं.

त्याची सुरुवात बारशाला होते. पाळण्यात घालून आत्या कानात कुर्र करते, नाव सांगते, बायका पाठीत धपाटे घालून तिचा समाचार घेतात. बाराव्या दिवशी सांगितलेलं ते नाव मूल साधारण साडेचार महिन्यांचं झालं की बाकीच्या नावांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतं, असं १९९५ मधल्या एका अभ्यासात आढळलं. ते आपलं आहे हे त्याला कळत नाही. या आवाजामागून ओळखीचे चेहरे येतात, एवढंच कळत असावं. तोवर घरात वाटणी झालेलीही असते. नाक आईचं, कान थोरल्या काकांचे, रागीटपणा पणजोबांवर गेलाय. बाळाच्या तोंडून ‘मी’ हा शब्द निघायच्या दीड-दोन वर्षं आधी घराने त्याचा एक ‘मी’ रचून ठेवलेला असतो.

बहुतेक घरांत हे सगळं लाडाने होतं. सगळ्याच नाही. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशा’ ठेवायची रीत होती. नको असलेली. हाक मारली की नकुशा, हजेरीपटावर नकुशा, रेशनकार्डावर नकुशा. जे नाव साडेचाराव्या महिन्यापासून कान टवकारून ऐकायचं, तेच रोज सांगतंय की तू यायला नको होतीस. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा प्रशासनाने साताऱ्यात समारंभ केला आणि अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, त्यांची प्रमाणपत्रं हातात ठेवली. कुणी सिनेमातल्या नट्यांची नावं घेतली, कुणी देवींची. एका कागदाने आधीची सगळी वर्षं पुसली जात नाहीत, हे खरं. पण त्यातल्या अनेकजणींना आयुष्यात पहिल्यांदाच ‘तुला काय म्हणायचं?’ असं कुणीतरी विचारलं, याला मी फार किंमत देतो.

दीड-दोन वर्षांचं मूल स्वतःबद्दल बोलतं तेव्हा बाहेरून बघितल्यासारखं बोलतं. ‘चिनूला भूक लागली.’ ‘चिनू पडला.’ सगळे त्याला चिनू म्हणतात, म्हणून तोही स्वतःला चिनू म्हणतो. मग कधीतरी ‘माझं’ येतं, बहुधा दुसऱ्याने खेळणं हिसकावल्यावर, आणि पाठोपाठ ‘मी’. त्यानंतर घरात शांतता राहत नाही. सकाळी पावणेनऊला आईला बस गाठायची असते, त्याआधी पाळणाघर गाठायचं असतं, आणि अडीच वर्षांचे चिरंजीव उंबऱ्यावर बसून चपला घालत असतात. उजवी डाव्या पायात. आईने हात पुढे केला की ‘मी!’ असा टाहो. तिने न राहवून झटकन चपला घातल्याच, तर तो त्या काढतो, पुन्हा उलट्या घालतो आणि मगच चालायला लागतो. याला आपण हट्ट म्हणतो. उलट्या चपलांशी त्याला काही देणंघेणं नसतं. ही गोष्ट माझ्या हातून झाली, एवढी एकच बाब त्याला पटवून घ्यायची असते. बस चुकली तरी चालेल असं मी म्हणणार नाही, माझ्याने ते म्हणवत नाही. दहा मिनिटं लवकर उठवणं तेवढं शक्य आहे.

या वयातलं काहीच आपल्याला पुढे आठवत नाही, ही गंमत आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या आठवणी बहुतेक मोठ्या माणसांकडे नसतात. ज्या असतात असं वाटतं, त्या कितीदा तरी फोटोवरून नाहीतर आजीच्या सांगण्यावरून तयार झालेल्या असतात. कॅथरीन नेल्सन आणि रॉबिन फायवुश या दोघींनी यावर बरंच काम केलं. आठवण साठवायला नुसता मेंदू पुरत नाही, घडलेलं कुणाबरोबर तरी बोलून काढावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात लोकांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली, तेव्हा माओरी लोकांच्या आठवणी इतरांपेक्षा मागे गेल्या, सरासरीने पावणेतीन वर्षांच्या आसपास. घराण्याचा, गावाचा, पूर्वजांचा भूतकाळ मुलांसमोर सतत बोलला जातो, असा तो समाज आहे.

‘काल बागेत काय केलं?’ असं विचारलं तर मूल ‘काही नाही’ म्हणतं आणि विषय संपतो. ‘काल बागेत तो पांढरा कुत्रा आला होता ना, तू माझ्या मागे लपलास, मग काय झालं?’ असं विचारलं की त्याचे डोळे चमकतात आणि अर्धवट वाक्यांची झड लागते. कुत्रा आधी आला की घसरगुंडी आधी झाली, याचा त्याच्या बोलण्यात पत्ता नसतो. आपण मधूनमधून ओवत जातो. लपलेला तो आणि आज ते सांगणारा तो एकच आहे, हे त्याला अशा बोलण्यातूनच कळत जातं. रात्री जेवल्यावर ओट्यावर बसून दिवसभराचं बोलणं काढायची आपल्याकडे पद्धत होती, तिची जागा आता बऱ्याच घरांत मोबाइलने घेतली. मोबाइलला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांची भरपाई कुठून करायची, हा प्रश्न मात्र उरतोच.

शाळेत गेल्यावर तुलना सुरू होते. चार वर्षांच्या मुलाला विचारा, तो सगळ्यात जोरात पळतो, सगळ्यात छान चित्र काढतो, त्याला सगळं येतं. आठव्या वर्षी तोच सांगतो, ‘मला गणित जमत नाही.’ मधल्या काळात बुद्धी कमी झालेली नसते. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत डोकावायला तो शिकलेला असतो आणि मोठ्यांची वाक्यं त्याच्या कानावर पडलेली असतात. ‘हा जरा बुजरा आहे.’ ‘हिचं गणित कच्चं, माझ्यावर गेलीय.’ पाहुण्यांसमोर, मूल शेजारी बसलेलं असताना, जणू ते तिथे नाहीच अशा थाटात आपण हे बोलतो. मूल खाली बघून चटईचा धागा ओढत असतं आणि शब्द न् शब्द ऐकत असतं.

चांगली विशेषणंही वाटतात तितकी निरुपद्रवी नाहीत. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढच्या फेरीत अवघड कोडी आली आणि सगळेच आपटले. त्यानंतर मेहनतीची शाबासकी मिळालेली मुलं चिकाटीने सोडवत राहिली. ‘हुशार’ ठरलेल्यांचं मन उडालं आणि त्यांचे गुणही घसरले. हुशार म्हणून ओळख झाली की ती सांभाळणं आलं, आणि सांभाळायची असेल तर अवघड वाटेला न जाणं हे धोरण शहाणपणाचंच म्हणायचं.

मग तेरा-चौदावं लागतं. आरसा पुन्हा घरात येतो, या वेळी न्हाणीघराचं दार आतून बंद करून. कपाळावर एक पुटकुळी आली म्हणून शाळेला दांडी मारायची इच्छा होते, कारण सगळी शाळा तिच्याकडेच बघणार आहे अशी खात्री असते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली हे मांडलं. या वयातल्या प्रत्येकासमोर एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या शाळेतला प्रत्येकजण आपापल्या पुटकुळीत गुंतलेला असतो.

या वयाबद्दल सर्वांत खोलवर लिहिलं एरिक एरिकसन यांनी. त्यांचं स्वतःचं आयुष्य बघितल्याशिवाय ते लिखाण पुरतं कळत नाही. १९०२ साली फ्रँकफर्टजवळ जन्म. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आईने पुढे कार्ल्सरूहच्या एका बालरोगतज्ज्ञाशी, थिओडोर होमबुर्गर यांच्याशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील असं मुलाला सांगितलं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. सिनेगॉगमध्ये मुलं त्याला परका म्हणायची आणि शाळेतली जर्मन मुलं ज्यू म्हणून हिणवायची. दोन्हीकडून बाहेरचा. शाळा संपल्यावर तो काही वर्षं चित्रं काढत, भटकत फिरला. पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला, तिथे मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड भेटल्या आणि मनोविश्लेषणाची वाट सापडली. हिटलर आल्यावर अमेरिका गाठली. १९३९ साली नागरिकत्व घेताना त्याने आडनाव घेतलं एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा. ज्याला बापाचं नाव मिळालं नाही, तो स्वतःचाच मुलगा झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. तरी हार्वर्डने त्याला प्राध्यापक केलं.

किशोरवयातला ओळखीचा पेच ही कल्पना जगभर गेली ती या माणसामुळे. त्यांच्या मांडणीतला एक भाग आपण सोयीने विसरतो. पेच सुटायला मोकळीक लागते, असं ते सांगत. काही काळ काहीच न ठरवण्याची, हे करून बघ, ते सोडून दे, अशी समाजाने दिलेली सवलत. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेऊन हाच धागा पुढे नेला. काहीजणांनी शोधून, चाचपडून निर्णय घेतला होता, काहीजण अजून शोधत होते, काहींना कशाचंच पडलेलं नव्हतं. आणि काहीजणांचा निर्णय पक्का होता, पण त्यामागे शोध नव्हता. आईवडिलांनी जे ठरवलं तेच त्यांनी उचललं होतं.

चौथ्या गटातली मुलं मार्शियांना कॉलेजात शोधावी लागली. आपल्याकडे ती दहावीच्या निकालानंतर लातूर-नांदेडच्या बसमध्ये ट्रंक आणि गादी घेऊन बसलेली दिसतात. नीट की जेईई, एवढाच काय तो प्रश्न असतो, आणि तोही बऱ्याचदा आठवीत सुटलेला असतो. यातली पुष्कळ मुलं पुढे चांगले डॉक्टर, चांगले इंजिनिअर होतात, ही वस्तुस्थिती आहे. गरीब घराला पोराच्या शोधासाठी तीन वर्षं काढणं परवडत नाही, हीसुद्धा वस्तुस्थितीच. पण ज्यांना परवडतं, तेही देत नाहीत, ते का?

सुधीर काकर यांचं उदाहरण इथे आठवतं. १९३८ चा जन्म, सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा. घरच्यांच्या इच्छेने अहमदाबादला मेकॅनिकल इंजिनिअर झाले. मग युरोपात जाऊन अर्थशास्त्र शिकले, व्हिएन्नात डॉक्टरेट केली. साठच्या दशकात एरिकसन गांधीजींवरच्या पुस्तकासाठी अहमदाबादेत आले होते. १९१८ चा गिरणी कामगारांचा संप आणि गांधीजींचं उपोषण हा त्या पुस्तकाचा गाभा. तिथे काकरांची त्यांच्याशी गाठ पडली आणि पंचविशी ओलांडलेल्या या तरुणाने दुसऱ्यांदा रस्ता बदलला. ते मनोविश्लेषक झाले. १९७८ साली त्यांचं ‘द इनर वर्ल्ड’ आलं. भारतीय घरातलं बालपण आतून कसं असतं, आईच्या कुशीत लांबलेली सुरुवातीची वर्षं आणि नंतर अचानक अंगावर येणारं कुटुंबाचं जग, हे त्यात जितकं बारकाईने आलंय तितकं आधी क्वचितच आलं होतं. उत्तरायुष्यात ते गोव्यात स्थायिक झाले. २०२४ मध्ये गेले.

एरिकसनला जो प्रश्न कार्ल्सरूहमध्ये पडला, तो आपल्याकडे शरणकुमार लिंबाळे यांना अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात पडला. वडील पाटील, आई महार. १९८४ साली आलेल्या त्यांच्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात शाळेत बापाचं नाव काय लावायचं, हा साधा प्रश्न मुलाच्या सगळ्या अस्तित्वाला कसा भिडतो, ते आहे. फरक एवढाच, की एरिकसनला स्वतःचं आडनाव स्वतः घ्यायची मोकळीक एका नव्या देशाने दिली. लिंबाळ्यांना ती लिहून मिळवावी लागली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. चाळीस वर्षं लागली.

विशी-पंचविशीत ‘मी’ तयार होऊन बसतो, असंही काही नाही. आपल्या कितीतरी बायकांचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललं गेलं. वीस-बावीस वर्षं एका नावाला ओ दिल्यावर दुसऱ्या नावाला द्यायला लागल्या. माहेरी जुनं, सासरी नवं, बँकेत तिसरंच काहीतरी. त्यांनी हे कसं निभावलं, यावर कुणी प्रयोग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. घरातल्या एखाद्या आजीला विचारून बघा, ऐकण्यासारखं असतं.

आणि डॉ. आंबेडकर. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. नागपुरात धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, वयाच्या पासष्टीत. मधल्या २१ वर्षांत त्यांनी धर्म तपासले, वाचन केलं, वाद घातले. जन्माने हाती दिलेलं टाकायचं ठरवणं एक, आणि त्याजागी काय घ्यायचं ते ठरवणं दुसरं. एवढ्या बुद्धीच्या माणसानेही या दुसऱ्या कामाला दोन तपांच्या जवळपास वेळ घेतला.

बारावीनंतर घरातलं मूल ‘मला अजून ठरवता येत नाही’ म्हणालं, तर त्याला एक वर्ष द्या. नातेवाईक विचारतील, ‘सध्या काय करतोय?’ ‘ठरवतोय’ म्हणून सांगा. काकरांना पंचविशी ओलांडावी लागली होती. तुमचं मूल सतरा वर्षांचं आहे.